ओळख मागणाऱ्या संपादकाला काय द्यावं?

उत्तर सावकाश वाचा, पण आधी एक काम करा. तुमच्या प्रश्नात मैत्रिणीचं वय, तिचा व्यवसाय आणि भावंडं किती हे लिहिलंय, ते काढून टाका. मी इथे मुद्दाम पुन्हा लिहीत नाही. आखातातलं शहर कितीही अवाढव्य दिसलं तरी घराणी एकमेकांना ओळखून असतात. एवढ्या माहितीवर तिथली एखादी मावशी कॉफीचा पहिला फिंजान संपायच्या आत मुलीचं आडनाव सांगेल.

बाकी तुमचा प्रश्न असा, की अरब मैत्रीण टोपणनावानं इंग्रजीत आपल्या घरादाराबद्दल, रीतीभातींबद्दल लिहिते, तुम्ही त्यातलं काही मराठीत आणलंय, एक दिवाळी अंक छापायला तयार आहे, पण संपादकांना "वाचकांसाठी थोडी ओळख" हवी आहे. किती द्यावी, आणि इंटरनेटवर आपला ठावठिकाणा लपवणारं व्हीपीएन कुठलं चांगलं?

व्हीपीएन, वेगळा ईमेल, खात्याला फोन नंबर न जोडणं, हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात वेळ घालवत नाही. फक्त त्यावर फार विसंबू नका. ट्विटरमध्येच नोकरी करणाऱ्या दोघांनी २०१५च्या सुमारास सौदी अरेबियासाठी खातेदारांची माहिती आतून काढली होती. त्यातल्या एकट्यानं सहा हजारांहून जास्त खाती चाळली. तो सौदीला निघून गेला, दुसऱ्याला अमेरिकेतल्या न्यायालयानं २०२२मध्ये दोषी ठरवलं. टोपणनावानं थट्टेखोर खातं चालवणाऱ्या, रियाधच्या रेड क्रेसेंटमधल्या (तिकडची रेड क्रॉस) एका तरुणाला २०१८मध्ये कामावरून उचलून नेलं आणि २०२१मध्ये वीस वर्षांची शिक्षा दिली. त्याची माहिती याच वाटेनं गेली, असा त्याच्या घरच्यांचा आरोप आहे.

तरीही माझ्या अनुभवात घात सरकारनं केला नाही आणि यंत्रानंही नाही. तो केला आपल्याच एका मराठी संपादकीय कार्यालयानं. त्यांचं नाव घेत नाही. घेतलं की इथे दोन तट पडतील आणि तुमचा प्रश्न राहील बाजूला.

मीही तुमच्याच जागी होते. देश सांगत नाही, साल सांगत नाही. नवऱ्याची नोकरी तिकडे, मग मलाही तिथे काम मिळालं आणि कामावर ही मुलगी भेटली. विश्वास बसायला बराच काळ गेला, मग एक दिवस तिनं तिचं लिखाण दाखवलं. काय लिहायची! तिथल्या लग्नाच्या हॉलवर एक लेख होता. बायकांचा हॉल वेगळा. दारात फोन काढून घेणारी बाई, आत गेल्यावर काळ्या अबायांखालून, म्हणजे अंगभर झग्यांखालून, निघणारे झगमगीत पोशाख, डफ वाजवत गाणाऱ्या बायका, मध्यरात्र उलटून गेल्यावर येणारं जेवण. भिंतीकडेच्या सोफ्यांवर म्हाताऱ्या आत्या बसलेल्या, नाचणाऱ्या मुलींकडे बघत मनातल्या मनात आपल्या नातवांची लग्नं लावताहेत. आणि नवरदेव आत येतोय म्हटल्यावर अबाया शोधायची एकच धांदल, त्यात कुणी कुणाची घातली याचा पत्ता नाही. वाचून मी खुर्चीत हसत होते. आपल्याकडच्या कांदेपोह्यांना तिकडे समांतर प्रकार आहे, मुलानं मुलीला एकदा रीतसर बघायचं, त्यावरचा लेख तर आपल्या कुठल्याही मुलीनं लिहावा असा होता. ती आपल्या लोकांवर चिडायचीही. पण ती घरातल्या माणसाची चीड होती.

लग्नाच्या हॉलचा लेख मी या कार्यालयाकडे पाठवला. सोबत स्पष्ट लिहिलं, की लेखिकेची ओळख "आखातात राहणारी तरुणी" एवढीच द्यायची आणि अनुवादकाचं नाव छापायचं नाही. उत्तर आलं, "ठीक. आपल्या भावना समजल्या."

अंक आला. शीर्षक बदलून "पडद्याआडचे हुंदके". लेखात एकही हुंदका नव्हता. सोबत डोळे तेवढे दिसणाऱ्या बाईचं चित्र. आणि वर चौकटीत संपादकीय टिपण, त्यात माझं पूर्ण नाव, मी कुठे काम करते ते, आणि "प्रस्तुत लेखिका या त्यांच्या सहकारी". ही माहिती त्यांनी माझ्या ईमेलखालच्या सहीतून उचलली होती. लिहून मागितलेली एक गोष्ट पाळली नाही, आणि न मागितलेली एवढी चोख पार पाडली.

तुम्हाला वाटेल, तिकडे मराठी कोण वाचतंय? कार्यालयातल्या गृहस्थांनीही मला फोनवर हेच विचारलं. आखातात मराठी माणूस कुठे नाही? मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पानाचा फोटो आला, "आपल्या ताईंचं नाव छापून आलं", खाली हार-फुलांची रांग. आमच्या कामाच्या जागी हिशेब बघणारा मुलगा आपल्याकडचाच. बिचाऱ्यानं कौतुकानं तो फोटो साहेबांना दाखवला. साहेबांनी फोन समोर धरून भाषांतर करून घेतलं. "सहकारी" हा शब्द यंत्राला बरोबर समजला.

मग ई-आवृत्तीतून ते टिपण काढा म्हणून माझे फोन सुरू झाले. अंक छपाईला गेला की संपादकीय विभागाचा संबंध संपतो. ई-आवृत्ती वितरण विभाग पाहतो. वितरणवाले गृहस्थ गावी गेलेत. ते परत आले तेव्हा म्हणाले, संपादकांचं लेखी पत्र आणा. संपादक म्हणाले, मी वितरणाला कसं काय पत्र देणार, ते माझ्या हाताखाली नाहीत. मधल्या काळात एक बाई फोनवर समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, उलट प्रसिद्धीच मिळाली की तिला." शेवटी त्यांनी उपाय काढला, पुढच्या अंकात शुद्धिपत्रक. मसुदा मला पाठवला. त्यात मागच्या लेखाचं नाव, माझं नाव, माझं कामाचं ठिकाण हे सगळं पुन्हा लिहून शेवटी "सदर लेखिका या त्यांच्या सहकारी नाहीत" असं होतं. ते थांबवायला मला आधीच्या सगळ्या फोनांहून जास्त रक्त आटवावं लागलं.

तिला अटक, चौकशी असलं काही झालं नाही. हे सांगते, नाहीतर तुम्ही उगाच घाबराल. घरी भावांपर्यंतही गेलं नाही, हे नशीब. कामावर मात्र ती आली की बोलणं थांबायचं. तिनं एका रात्रीत सगळं लिखाण पुसून टाकलं, इंग्रजी मूळ कुठेच नाही. माझ्याकडे मराठी अनुवाद आहेत, ते छापायला तिची परवानगी नाही, आणि मी मागतही नाही.

म्हणून माझं मत ऐका, पटलं तर घ्या. "थोडी ओळख" असं काही नसतं. देश दिला की पुढचा प्रश्न शहराचा, शहर दिलं की शिक्षणाचा. संपादकाला एक ओळ द्या, ती मैत्रिणीकडून लिहून घ्या आणि तिच्यातला एक शब्दही वाढणार नाही हे लेख पाठवण्याआधी लेखी घ्या. तुमचं नाव तिच्या नावाइतकंच गुप्त, कारण तिकडे तुमच्याकडूनच तिच्याकडे रस्ता जातो. शीर्षक बदलायचं नाही हेही त्याच पत्रात.

संपादकांची बाजू अगदीच खोटी नाही, हे मान्य करते. २०११मध्ये दमास्कसमधल्या अमिना नावाच्या मुलीचं लिखाण जगभर गाजत होतं. तिला पळवून नेल्याची बातमी आली, लोकांनी सुटकेसाठी मोहीम काढली, आणि अमिना म्हणजे एडिनबरा विद्यापीठात शिकणारा चाळीस वर्षांचा अमेरिकन पुरुष निघाला. तिचा म्हणून फिरत असलेला फोटो लंडनमधल्या भलत्याच बाईचा होता. या गृहस्थांनी नंतरच्या प्रत्येक खऱ्या मुलीच्या वाटेत काटे पेरून ठेवले. उलट २००३पासून बगदादहून 'रिव्हरबेंड' या नावानं लिहिणारी तरुणी खरी होती, तर तिचं इंग्रजी इतकं अस्खलित कसं म्हणून लोक तिच्यावर शंका घेत राहिले. नाव तिनं कधी सांगितलं नाही. तेव्हा संपादकांना खात्री हवी असेल तर त्यांच्यातल्या एकाच, नाव माहीत असलेल्या व्यक्तीनं तिच्याशी आवाजावर बोलावं, तुमच्या समोर, रेकॉर्डिंग न करता. ओळखपत्राचा फोटो पाठवू नका, अर्धा झाकूनही नाही.

"एवढं धाडस आहे तर नावानं का लिहीत नाही?" हा प्रश्न तुम्हाला दोन्हीकडून येईल. मला आपल्याकडून जास्त आला. विचारणाऱ्याला १९३३ची आठवण करून द्या. विभावरी शिरूरकर या नावानं कथा आल्या तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला आणि ही बाई कोण याचा शोध कसा सुरू झाला. त्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे कळायला बराच काळ जावा लागला. अरबीतही हे नवं नाही. इजिप्तमधल्या दमिएताच्या आयेशा अब्द अल-रहमान कर्मठ वडिलांना कळू नये म्हणून 'बिन्त अल-शाती', म्हणजे किनाऱ्याची लेक, या नावानं लिहायला लागल्या आणि पुढे कुराणाच्या मोठ्या अभ्यासक झाल्या, तरी ते नाव त्यांनी टाकलं नाही. सौदीची हिस्सा हिलाल बरीच वर्षं टोपणनावानं कविता लिहीत होती. २०१०मध्ये अबू धाबीच्या कवितास्पर्धेत निकाब घालून टीव्हीवर उभी राहिली, फतवे काढणाऱ्यांवर कविता म्हटली आणि तिसरी आली. नावानं लिहायचं का, आणि केव्हा, हे तिनं ठरवलं. नावानं लिहिल्याची किंमतही बघा. लीड्स विद्यापीठात पीएचडी करणारी सल्मा अल-शिहाब सुट्टीत सौदीला घरी गेली असताना तिला जानेवारी २०२१मध्ये अटक झाली आणि ट्वीट्सवरून २०२२मध्ये अपिलात तिला ३४ वर्षांची शिक्षा झाली. पुढे शिक्षा कमी होऊन ती २०२५मध्ये सुटली.

मी वकील नाही, माझी माहिती जुनी असू शकते. सौदीचा २००७चा सायबर कायदा सार्वजनिक सुव्यवस्था, धार्मिक मूल्यं, नीती यांना बाधक मजकुरासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि तीस लाख रियालपर्यंत दंड सांगतो. बाहेरून आलेल्यांनाही तो लागू आहे, आणि तुमचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, नोकरीला बांधलेला असतो हे विसरू नका. शेजारच्या देशांचे कायदे वेगवेगळे, तिथल्या माणसाला विचारा.

मजकुराबद्दल दोन गोष्टी. घडलं की लगेच छापू नका. रमजानमधली गोष्ट रमजानमध्ये आली की त्या आठवड्यातलं इफ्तार कुणाकडे होतं हे लोकांना आठवतं. ती हजनंतर येऊ दे, किंवा पुढच्या वर्षी. लग्नात वीज गेली होती, आजोबा मोती काढायला जायचे, असले तपशील लेखाची जान असतात हे खरं, पण हॉलमधल्या सगळ्या बायकांना ते लग्न माहीत असतं. वीज गेली असेल तर लेखात पाऊस पडू दे.

दुसरी, अनुवाद करताना तिला रडवू नका. तिकडे कुळं जुळत नाहीत म्हणून ठरलेली लग्नं मोडतात. २००५मध्ये सौदीच्या एका न्यायालयानं बायकोच्या भावांच्या तक्रारीवरून संसार करणाऱ्या जोडप्याचा घटस्फोट करून टाकला होता, सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल २०१०मध्ये फिरवला. हे ती लिहील, लिहू दे. पण आपल्याकडे पत्रिकेत जात-पोटजात लिहिणाऱ्यांनी "बाई गं, काय हे लोक" म्हणायला चौकट आखून देऊ नका. माझ्या मैत्रिणीला ओळख फुटल्याच्या भीतीइतकाच त्या शीर्षकाचा राग आला होता. म्हणाली, माझ्या आत्यांना लोकांनी हसायचं होतं, त्यांची कीव नव्हती करायची.

आणि मानधन. कार्यालय पॅन, बँक खातं, पत्ता मागेल आणि लेखाखाली जोडून फाइलला लावेल, ती फाइल कुणाकुणाच्या टेबलावरून जाते ते तुम्ही बघणार नाही. पैसे नकोत हे पहिल्याच पत्रात लिहा. पाठवलेच तर परत करा, आणि अंकाची प्रत मैत्रिणीच्या पत्त्यावर मागवू नका.