गच्चीवरचा हॅम टॉवर: परवाना तुमचा, गच्ची सगळ्यांची

प्रश्न: मी परवानाधारक हॅम (हौशी रेडिओचालक) आहे आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेत सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. आधीच्या सचिवांनी तोंडी होकार दिला म्हणून गच्चीवर अँटेनासाठी ९ मीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा जाळीदार टॉवर उभा केला. पायाचे बोल्ट स्लॅबमध्ये आहेत, ताणाच्या तारा कठड्याला बांधल्या आहेत. नव्या समितीची नोटीस आली आहे: ‘१५ दिवसांत काढा, नाहीतर आम्ही कापून काढू.’ शेजारच्या सदनिकेत छतातून पाणी गळते, तेही माझ्यामुळेच, असे म्हणतात. माझा परवाना केंद्र सरकारचा आहे. टॉवर हलका, नट-बोल्टवरचा, म्हणजे तात्पुरता. तरीही सोसायटी तो काढायला लावू शकते का?

उत्तर: आज जी परिस्थिती आहे तीत, हो, काढायला लावू शकते. मात्र ‘कापून काढू’ हे समितीला करता येणार नाही. टॉवर तुमच्या मालकीचा आहे. तो परस्पर तोडणे म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान करणे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली तो गुन्हा ठरू शकतो. तुम्ही काढत नसाल तर संस्थेने सहकार न्यायालयात जावे, हा सरळ मार्ग आहे. हे नोटिशीच्या उत्तरात शांत शब्दांत लिहा. पण या एका मुद्द्यावर जिंकून टॉवर टिकेल असे समजू नका.

परवान्याचा आधार तुम्ही समजता तितका भक्कम नाही. हौशी रेडिओ सेवेच्या १९७८ च्या नियमांखाली दूरसंचार विभाग जो परवाना देतो, तो रेडिओ केंद्र बाळगण्याचा आणि ठरलेल्या लहरींवर प्रक्षेपण करण्याचा. अँटेना कुठल्या जागेवर उभी राहील, ती जागा कोणाची, यावर तो काहीच बोलत नाही. गच्चीच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० मध्ये छप्पर सामाईक क्षेत्रात धरले आहे, रेरा म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम २ मधील सामाईक क्षेत्राच्या व्याख्येत गच्चीचे नाव घेतले आहे. तुमच्या इमारतीला यांपैकी कोणता कायदा थेट लागतो हा वेगळा विषय, पण सहकार न्यायालयातही गच्चीकडे याच नजरेने पाहिले जाईल. सर्वांत वरच्या मजल्यावर राहिल्याने तिच्यावर जास्तीचा हक्क मिळत नाही. सामाईक जागेचा काही भाग एका सभासदाला वापरायला द्यायचा, तर निर्णय सर्वसाधारण सभेचा. माजी सचिवांच्या हातात तो अधिकार नव्हताच, त्यामुळे त्यांच्या होकाराने संस्था बांधली जात नाही. तरी तो होकार वाया गेला असे नाही. तुम्ही चोरून काही केले नाही एवढे त्यातून दिसते. सचिवांशी झालेले संदेश असतील तर जपून ठेवा.

आता ‘हलका म्हणून तात्पुरता’ या युक्तिवादाकडे येतो. तो मला पटत नाही, आणि सगळ्यांत जास्त काळजी इथेच वाटते. टॉवरचा धोका वजनात नसतो, वाऱ्यात असतो. भारतीय मानक ८७५, भाग ३ मध्ये देशाचे ६ वारापट्टे केले आहेत आणि मूळ वेग ३३ ते ५५ मीटर प्रति सेकंद धरला आहे. ४४ च्या पट्ट्यात, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर वाऱ्यात, वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १,१६० न्यूटन येतो. तुमच्या अँटेनाने १ चौरस मीटर वारा अडवला, तर टोकावर जवळजवळ ११८ किलो वजनाइतका आडवा रेटा बसतो. टॉवरच्या अंगावरचा वारा त्यात धरलेला नाही, इमारतीच्या उंचीमुळे होणारी वाढही नाही. हा सगळा ताण शेवटी तारांमधून कठड्यावर येतो, आणि कठडा असा ओढला जाण्यासाठी बांधलेला नसतो. तारा तिथून सोडवा. त्याआधी टॉवर दुसरा आधार देऊन खाली घ्या, सुट्ट्या तारांवर तो एक रात्रही उभा ठेवू नका.

मी हे इतके ताणून सांगतो त्याला कायद्याचेच कारण आहे. दिल्लीच्या चांदनी चौकातला घंटाघर कोसळून माणसे मेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली दिल्ली महापालिका विरुद्ध सुभगवंती या निकालात मालकाला जबाबदार धरले. बांधकामातला दोष वरून दिसत नव्हता, हा बचाव मान्य झाला नाही. तुमचा टॉवर रस्त्याच्या किंवा वाहनतळाच्या बाजूला पडला तर ‘पुरवठादाराने सांगितले होते’ हे उत्तर पुरणार नाही. कोणी दगावले तर न्याय संहितेचे कलम १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे) लागू शकते, आणि त्यात ५ वर्षांपर्यंत कारावास आहे.

पुरवठादाराने आराखडा दिला नाही असे तुम्ही म्हणत नाही, पण तो असल्याचेही कुठे लिहिलेले नाही. नसेल तर आजच लेखी मागा: कोणता मिश्रधातू, किती वाऱ्याला किती चौरस मीटर अँटेना चालते, पाया कसा असावा. ॲल्युमिनियम निवडण्यात चूक नाही. ते पोलादापेक्षा सुमारे तिपटीने हलके असते आणि गंजून झडत नाही. पण त्याचे काही हट्ट आहेत, आणि इंजिनिअरने ते पाहिले आहेत हे अहवालात उमटले पाहिजे. वेल्डिंग केलेल्या जागी ६०६१-टी६ सारख्या मिश्रधातूची ताकद बरीच घटते. ओल्या काँक्रीटच्या अल्कलीने ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून पाय थेट काँक्रीटमध्ये पुरू नयेत. अर्थिंगची तांब्याची तार टॉवरला उघडी टेकवली तरी सांध्यात झीज सुरू होते. आराखडा देण्याचे टाळले, किंवा माल सदोष निघाला, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे.

गळतीचा आरोप नाकारण्याची घाई करू नका. बोल्टने वॉटरप्रूफिंग फुटले असणे अगदी शक्य आहे. दोघांना मान्य असलेल्या इंजिनिअरकडून पाहणी करून घ्या. तुमचे छिद्र कारण ठरले तर दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करून द्या. शेजारी समाधानी झाला की सभेतला अर्धा विरोध कमी होतो.

मग नव्याने अर्ज करा. सोबत परवान्याची प्रत (त्यावरचा पत्ता याच इमारतीचा आहे ना, ते तपासा), स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सही-शिक्क्यासह दाखला, आकाशातल्या विजेपासून संरक्षणाचा आराखडा, तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा आणि गळती झाल्यास दुरुस्तीची लेखी हमी जोडा. टॉवर आडवा झाला तरी जवळच्या वीजवाहिनीपर्यंत पोहोचत नाही, हे नकाशात दाखवा. विमानतळ जवळ असेल तर उंचीसाठी २०१५ च्या नियमांनुसार विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत पत्र लागेल का ते पाहा. नियोजन प्राधिकरणालाही लेखी विचारा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातली ‘विकास’ ही व्याख्या फार रुंद आहे आणि कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम काढण्याची, नोटीस नंतर येण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

सभेत कोणीतरी हमखास मोबाइल टॉवरची भीती काढेल. हा धंद्याचा टॉवर नाही, त्यातून भाडे येत नाही आणि तो चोवीस तास प्रक्षेपण करत नाही, हे समजावून सांगा. टीव्हीत अडथळा येतो अशी तक्रार असेल तर तांत्रिक तपास दूरसंचार विभागाच्या देखरेख यंत्रणेचा विषय आहे, समितीचा नाही. आणि हेही जरूर सांगा की २००१ च्या भूजच्या भूकंपात, २००४ च्या त्सुनामीत अंदमानात, फोन बंद पडले तेव्हा हॅमनीच निरोप पोहोचवले. तो तुमचा कायदेशीर हक्क ठरत नाही, पण मत देणाऱ्या माणसांना ते कळायला हवे.

सभेने सर्व कागद पाहूनही कारण न देता नाही म्हटले, तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दाद मागता येते, कलम ९५ खाली अंतरिम आदेशही मागता येतो. आजचा टॉवर घेऊन तिथे जाल तर हराल, असे माझे स्पष्ट मत आहे. कागद पूर्ण करून गेलात तर निदान बाजू ऐकून घेतली जाईल.

त्याच अर्जात दुसरी मागणीही घाला: टॉवर नाकारला गेल्यास तारेचा डायपोल, म्हणजे आडव्या ताणलेल्या तारेची साधी अँटेना, लावण्याची परवानगी. ४० मीटर बँडसाठी (सुमारे ४० मीटर तरंगलांबीच्या लहरींसाठी) तो सुमारे २० मीटर लांब लागतो, स्लॅबला छिद्र पाडावे लागत नाही, आणि अशा अर्जाला नाही म्हणायला सभेला कारण सापडणे अवघड जाते.