ज्येष्ठ दोनदा का येतो?

डॅलस, ९ जून २०२६

प्रिय मनू,

आजीच्या फोनवरून तू एका दमात तीन प्रश्न पाठवलेस. कालनिर्णयमध्ये ज्येष्ठ महिना दोनदा छापलाय, ती चूक आहे का? गणपती एका वर्षी ऑगस्टमध्ये आणि एका वर्षी सप्टेंबरमध्ये का येतात? आणि २०२३ मध्ये आपण इथे सोमवारी गणपती बसवला, आजीने फलटणला मंगळवारी, तर खरा दिवस कुठला? तिन्हींचं उत्तर एकच आहे, पण ते फोनवर सांगायला गेलो तर आकडे तुझ्या डोक्यावरून जातील. म्हणून लिहून पाठवतोय. अडलं तर आजीला विचार, तिला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ज्येष्ठ दोनदा छापलाय ती चूक नाही. १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ. त्यानंतरचा निज ज्येष्ठ, म्हणजे खरा, नेहमीचा. आजी ज्याला धोंड्याचा महिना म्हणते तो हाच. या महिन्यात जावयाला जेवायला बोलावून तेहेतीस अनारसे किंवा पुरणाचे धोंडे द्यायची रीत आहे. तुझ्या आजीचा एकुलता एक जावई सध्या टेक्सासमध्ये बसून हे पत्र लिहितोय. तेव्हा माझ्या वाटचे अनारसे तू खाल्लेस तरी हरकत नाही, फक्त मोजून खा आणि आकडा मला कळव.

आता हा जादा महिना कुठून येतो ते. आपले महिने चंद्रावर चालतात. महाराष्ट्रात अमावास्या संपली की नवा महिना लागतो आणि पुढच्या अमावास्येला संपतो. असा एक महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. बारा महिन्यांचे झाले ३५४ दिवस. पण ऋतू चंद्राकडे बघत नाहीत, ते सूर्याप्रमाणे येतात, आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट पडते. आता गणपतीच्या तारखा बघ. २०२३ मध्ये भारतात १९ सप्टेंबर, २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट. दर वर्षी अकरा-बारा दिवस मागे. हे असंच चालू दिलं असतं तर काही वर्षांनी गणपती ऐन उन्हाळ्यात आले असते आणि दिवाळी भर पावसात. तुझ्या वर्गातल्या मुस्लिम मैत्रिणींचा रमजान असाच सरकतो, कारण हिजरी वर्षही ३५४ दिवसांचं असतं आणि त्यात तूट मुद्दाम भरून काढत नाहीत. म्हणून रमजान साधारण तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. आपल्याकडे तूट साठून एक अख्खा महिना झाली की तो महिना वर्षात घालतात. म्हणून या वर्षी गणपती मागे जायच्या ऐवजी एकदम पुढे, १४ सप्टेंबरला.

पण महिना कुठे घालायचा हे कुणी सभा भरवून ठरवत नाही, आणि मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो त्याला संक्रांत म्हणतात. तुला तिळगुळाची एकच माहीत आहे, पण वर्षात अशा बारा असतात. सूर्याला एक रास ओलांडायला साधारण साडेतीस दिवस लागतात आणि चांद्रमहिना असतो साडेएकोणतीस दिवसांचा. त्यामुळे बहुतेक महिन्यांत एक संक्रांत येतेच, पण अधूनमधून असा एखादा महिना निघतो की त्याच्या दोन्ही टोकांना संक्रांत असते आणि आत एकही नसते. ज्यात संक्रांत नाही तो अधिक. या वर्षीचा हिशेब तर फारच चुटपुट लावणारा आहे. सूर्य वृषभेत गेला १५ मेला, म्हणजे महिना लागायच्या थोडंसं आधी. आणि मिथुनेत जाणार १५ जूनला दुपारी एकच्या सुमारास. अमावास्या मात्र त्याच सकाळी साडेआठच्या आत संपते. चार-पाच तासांनी संक्रांत हुकली आणि आख्खा महिना जादा झाला!

असा महिना सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो. एकोणीस वर्षांत सात वेळा. एकोणीस हा आकडा लक्षात ठेव, कारण एकोणीस वर्षांनी सूर्य-चंद्राचा हिशेब जवळजवळ जुळतो आणि तिथी-तारखा पुन्हा हातात हात घालून येतात. २००७ सालीही अधिक ज्येष्ठच होता, आणि तोही १७ मे ते १५ जून. त्या वर्षी गणपती १५ सप्टेंबरला आले होते. तुझ्या एकोणिसाव्या वाढदिवसाला तुझी तिथी आणि तारीख एकाच दिवशी किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने येतील, बघ तेव्हा.

उलटंही होतं, पण क्वचित. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जोरात पळते, म्हणून थंडीत सूर्य रास लवकर ओलांडतो. कधीकधी एकाच चांद्रमहिन्यात दोन संक्रांती सापडतात. मग एक महिना गाळावा लागतो, तो क्षयमास. १९८२-८३ मध्ये असं झालं होतं. त्या वर्षी एक महिना गळला आणि दोन अधिक आले.

आता आजीचं दुसरं घड्याळ. परवा आजीच्या तोंडून 'मृग लागला' हे तू ऐकलं असशीलच. मृग चंद्राचा नाही, सूर्याचा. सूर्य मृग नक्षत्रात जातो तो दर वर्षी ७ किंवा ८ जूनलाच. त्यात अकरा दिवसांची गडबड नाही. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असं करत हस्तापर्यंत पावसाची नक्षत्रं येतात, प्रत्येकात सूर्य तेरा-चौदा दिवस. पेरणी चंद्राच्या भरवशावर ठेवली असती तर शेतकऱ्याचं दिवाळं निघालं असतं, म्हणून शेती सूर्यावर आणि सण चंद्रावर. दोन्ही एकाच पंचांगात शेजारी शेजारी छापलेलं असतं. जुन्या मराठी कागदांत तर शुहूर सन नावाचं वर्षही सापडतं. त्यातले आकडे अरबी शब्दांत लिहीत आणि ते वर्ष मृग लागला की बदलायचं. निजामशाही, आदिलशाही आणि मराठेशाही या तिन्हींच्या दफ्तरांत ते वापरात होतं.

संक्रांतही सूर्याची, म्हणून तीही १४-१५ जानेवारीच्या आसपासच राहते. अगदी तंतोतंत नाही, कारण साधारण बहात्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, त्यामुळे 'ती संक्रांतीच्या दिवशी झाली' असं सर्रास सांगतात. पण त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नासाठी आधी तिथी म्हणजे काय ते समजून घे. घड्याळात मिनिटकाटा तासकाट्याला गाठतो आणि पुढे जातो, तसा चंद्र दर महिन्याला सूर्याला गाठून पुढे निघतो. गाठतो तो क्षण म्हणजे अमावास्येचा शेवट. तिथून चंद्र बारा अंश पुढे गेला की प्रतिपदा संपते, आणखी बारा अंशांनी द्वितीया. ३६० अंशांत अशा तीस तिथी. चंद्र एकसारख्या वेगाने जात नाही, त्यामुळे एखादी तिथी वीस तासांत आटोपते आणि एखादी सव्वीस तासांपर्यंत ताणते. म्हणजे तिथीचा रात्री बाराशी काही संबंध नाही. ती भर दुपारी सुरू होऊ शकते किंवा पहाटे तीनलाही. तिचा क्षण मात्र साऱ्या पृथ्वीला एकच, कारण तो आकाशातला कोन आहे.

कॅलेंडरवर तिथी लिहिताना सूर्योदयाला जी असेल ती त्या दिवसाची, असा साधा नियम. सणांचे नियम थोडे वेगळे. गणेश चतुर्थीला मध्यान्ही, म्हणजे दुपारच्या वेळी, चतुर्थी असायला हवी. २०२३ मध्ये चतुर्थी भारतात १८ सप्टेंबरला दुपारी साडेबारानंतर लागली आणि १९ ला दुपारी पावणेदोनच्या सुमारास संपली. फलटणची १८ ची दुपार अर्धी तृतीयेत गेली, १९ ची पूर्ण चतुर्थीत होती. म्हणून आजीचा गणपती मंगळवारी. आपण साडेदहा तास मागे. आपल्याकडे तीच चतुर्थी १८ ला पहाटे दोनच्या पुढे लागली आणि १९ ला पहाटे तीननंतर संपली, म्हणजे १९ च्या दुपारपर्यंत इथे पंचमी सुरू झालेली. आपला सोमवार बरोबर आणि आजीचा मंगळवारही बरोबर. गोंधळ झाला तो आपल्या फ्रिजवरच्या कालनिर्णयमुळे, कारण त्यातल्या वेळा मुंबईच्या आहेत. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते काढलं ते महाराष्ट्रातल्या घरांसाठी, डॅलसच्या फ्रिजसाठी नाही.

तू विचारलं नाहीस, पण आज ना उद्या विचारशील म्हणून सांगतो. आपल्या शेजारच्या लखनौच्या आंटींचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो, कारण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. सण बहुतेक त्याच दिवशी येतात, महिन्याचं नाव तेवढं बदलतं. कृष्णजन्म आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी, दिवस एकच. अपवाद वटसावित्रीचा. त्यांचं व्रत अमावास्येला, आपलं पौर्णिमेला. या वर्षी आपली वटपौर्णिमा २९ जूनला, निज ज्येष्ठात.

आणि मराठी माणसं आपसात तरी एकमताची आहेत का? छे! १५२० मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला आणि पुढे तीन-चार शतकं पंचांगकर्ते त्याच गणितावर चालले. तोवर आकाश आणि गणित यांच्यात फरक पडत गेला. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्र्यांनी प्रत्यक्ष वेधांशी जुळणारं पंचांग काढलं, पुढे लोकमान्य टिळकांनी तोच आग्रह धरला. पण राशिचक्र कुठल्या ताऱ्यापासून मोजायचं यावर मतभेद राहिले. टिळक पंचांगात संक्रांती इतरांपेक्षा सुमारे चार दिवस आधी येतात. आता तूच हिशेब कर. चार-पाच तासांनी हुकलेल्या संक्रांतीमुळे महिना अधिक होत असेल, तर चार दिवसांच्या फरकाने काय होईल? टिळक पंचांग मानणारी घरं आजही आहेत, आणि एखाद्या वर्षी त्यांचे गणपती शेजाऱ्यांच्या आधी महिनाभर येऊन जातात.

शिवजयंतीचं दुखणं निराळं. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या सालवार नोंदींत, शिवरायांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा दिलाय. त्याची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०, सरकार ती पाळतं. कुणी तिथीनेच करतं, ती या वर्षी मार्चमध्ये आली. गंमत म्हणजे १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे. आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तो दिवस १ मार्च १६३० येतो. तारीखवाल्यांना हे सांगून बघ, भांडायला तिसरा दिवस मिळाला म्हणून खूश होतील. मला विचारशील तर मी तिथीच्या बाजूचा, कारण ती कॅलेंडर बदललं तरी बदलत नाही.

अधिक महिन्यामुळे तुझा एक फायदा झालाय. मागच्या वर्षी आषाढी एकादशी ६ जुलैला होती, या वर्षी २५ जुलैला. त्यामुळे ज्ञानेश्वरांची पालखी तू तिथे असतानाच फलटणला मुक्कामाला येईल. आजीला सांगून ठेव, त्या दिवशी भाकऱ्या थापायला तूही बसणार म्हणून.

आणि यंदाचे गणपती: चतुर्थी भारतात १४ सप्टेंबरला सकाळी लागते आणि १५ ला सकाळपर्यंत असते. दोन्हीकडच्या दुपारी त्यात बसतात, त्यामुळे या वेळी आपण आणि आजी एकाच तारखेला, सोमवारी. तुझी शाळा त्या दिवशी आहे. सुट्टीचं काय करायचं ते तुझ्या आईशी बोल, मी मध्ये पडणार नाही.

तुझा,
बाबा