जोकरचा रंग पुसला जातो का?

तुमचा प्रश्न असा आहे: बॅटमनच्या कॉमिकमधला खलनायक जोकर एकच, मग सिनेमात दर वेळी त्याचं तोंड वेगळं का? मूळ चित्रात आहे तसं का ठेवत नाहीत? आणि जाता जाता विचारलंय, मुलाला गॅदरिंगमध्ये जोकर व्हायचंय, तर त्यातला कुठला करावा? खरं सांगू, मला तुमचा शेवटचा प्रश्न जास्त आवडला. पण क्रमाने येतो.

मी सांगलीत हौशी नाटकांची रंगभूषा करतो. पोटाचा धंदा वेगळा, हा नाद. राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस आले की भावे नाट्यमंदिरात विंगेमागे माझी पेटी उघडलेली असते. सिनेमावाल्यांशी माझा काडीचा संबंध नाही. पण खलनायकाचं तोंड रंगवायला घेतलं की जो पहिला प्रश्न पडतो, तो त्यांनाही पडलेला दिसतो: हा रंग त्या माणसाने लावलाय, की त्याची कातडीच अशी आहे? म्हणजे गोष्टीतला तो माणूस रात्री तोंड धुतो तेव्हा खाली काय निघतं? याचं उत्तर ठरलं की बाकीचं निम्मं आपोआप ठरतं. दिग्दर्शकाने ते ठरवलं नसेल, तर मी पेटी उघडत नाही.

आधी ते ‘मूळ चित्र’ बघू. जोकर पहिल्यांदा आला १९४० साली, बॅटमनच्या स्वतंत्र कॉमिकच्या पहिल्याच अंकात. तो कुणाच्या डोक्यातून निघाला यावर बॉब केन, बिल फिंगर आणि जेरी रॉबिन्सन या तिघांच्या श्रेयाचा घोळ कायम राहिला. रॉबिन्सनचं म्हणणं, आपण आधी पत्त्यातला जोकर पुढे ठेवला. पण एका गोष्टीवर एकमत आहे: फिंगरने कॉनराड फाइट या जर्मन नटाचे फोटो आणून दाखवले. ते होते १९२८ च्या एका मूकपटातले, व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरच्या. त्यातल्या नायकाचं तोंड लहानपणीच कापून कायमचं हसरं केलेलं असतं. हा नायक, बरं का, खलनायक नव्हे. ते हसू केलं होतं जॅक पियर्स या रंगभूषाकाराने. फाइटच्या तोंडात एक कवळी बसवली होती आणि तिचे आकडे ओठांचे कोपरे मागे ओढून धरायचे. ती लावल्यावर बोलणं जमायचं नाही. मूकपट होता म्हणून निभावलं.

म्हणजे बघा, ज्याला तुम्ही मूळ चेहरा म्हणता, तो सिनेमातल्या एका रंगवलेल्या नटाकडे बघून काढलेला आहे. आधी रंगभूषा, मग कागद, मग कागदावरून पुन्हा रंगभूषा. आमच्याकडे कीर्तनकाराची गोष्ट नाटकात जाते, नाटकातलं पद पुन्हा कीर्तनात येतं, तसलाच प्रकार. तेव्हा ‘मूळचं बिघडवलं’ ही तक्रार मला फारशी पटत नाही.

दुसरी गंमत छपाईची. त्या काळची कॉमिक्स स्वस्त कागदावर मोजक्या शाईत छापत. हिरवा हवा तर निळ्यावर पिवळा, जांभळा हवा तर निळ्यावर लाल. आणि पांढरा? पांढऱ्याला शाईच नाही. जोकरचा चेहरा म्हणजे न छापलेला कागद. भोवती सगळ्यांच्या तोंडावर रंगाचे ठिपके, आणि हा एकटा कोरा. चित्रात त्याची भीती तिथून येते. आता ते कोरेपण नटाच्या चेहऱ्यावर आणायचं तर मला तिथे रंग थापावा लागतो. कागदावर जे न लावल्याने झालं, ते इथे लावून करायचं. इथेच पहिला तिढा बसतो.

पुढे १९५१ च्या एका अंकात कारण जोडलं गेलं: हा माणूस रसायनांच्या हौदात पडला आणि त्याची कातडी पांढरी, केस हिरवे झाले. म्हणजे कॉमिकपुरतं उत्तर ठरलं. कातडी. पुसली जात नाही.

सिनेमाने मात्र हे उत्तर दर पिढीला बदललं.

१९६६ च्या टीव्ही मालिकेत आणि त्याच साली आलेल्या सिनेमात सीझर रोमेरोने जोकर केला. या गृहस्थाने मिशी काढायला साफ नकार दिला. मग मिशीवरूनच पांढरा फासला. जवळच्या दृश्यात नीट बघा, ओठावर केसांची रेघ दिसते. लोक यावर हसतात. मी हसत नाही, कारण माझ्यावर ही वेळ आलेली आहे. मिरज तालुक्यातल्या एका गावात गणपतीतलं पौराणिक नाटक होतं आणि नारदाचं काम करणाऱ्याला भरघोस मिशी. काढ म्हटलं तर म्हणाला, ‘वडील हयात हायत माझं. मिशी काढली तर गावात काय म्हणतील?’ मुद्दा रास्त होता. बाप गेल्यावर उतरवायची मिशी नारदासाठी कशी उतरवणार? ज्यांच्याकडे मी शिकलो त्या अण्णांनी साबणाची वडी ओली केली, मिशीवर घासून केस चापट बसवले, वाळू दिले, वरून रंगाचा जाड थर. पहिल्या अंकात नारद बरा दिसला. दुसऱ्या अंकात घाम आला आणि साबणाला फेस. पुढच्या रांगेतली पोरं ‘नारदाला दूध आलं’ म्हणून ओरडली.

रोमेरोच्या जोकरला ती मिशी खपून गेली, कारण ती मालिकाच सर्कशीच्या अंगाने जाणारी होती. रंगीत टीव्ही तेव्हा अमेरिकेत घराघरांत शिरत होता, तर दाखवा रंग! हा विचार आम्हा सांगलीकरांना कळायला अवघड नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या परंपरेतले राक्षस भडक तोंडाने, तलवार फिरवत, ‘अललडुर्र’ करत रंगभूमीवर यायचे. दिवट्यांच्या उजेडात शेवटच्या माणसाला राक्षस कळायचा तर तोंड भडकच पाहिजे. तिथे कातडी की रंग असला नाजूक प्रश्न कोण विचारतो?

१९८९ ला टिम बर्टनच्या सिनेमात जॅक निकल्सन आला आणि प्रश्न विचारला गेला. कॉमिकचंच उत्तर घेतलं: रसायनाचा हौद, पांढरी कातडी, वर गोळीने जखमी झालेल्या चेहऱ्यावर एका स्वस्तातल्या डॉक्टरने केलेली शस्त्रक्रिया, म्हणून कायमचं हसू. निक डडमन या रंगभूषाकाराने गालांना आणि हनुवटीला नकली मांसाचे तुकडे जोडून ते हसू बांधलं, पण निकल्सनच्या भुवया मोकळ्या ठेवल्या. शहाणा माणूस. त्या नटाच्या भुवया झाकणं म्हणजे तबलजीला हातमोजे घालणं. पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते उलटं काम. चारचौघांत जाताना हा जोकर पांढऱ्या तोंडावर माणसाच्या कातडीचा रंग लावतो. संग्रहालयातल्या प्रसंगात नायिका त्याच्यावर पाणी फेकते, तो रंग ओघळतो आणि खालून पांढरा निघतो. म्हणजे रंगभूषा काढली की राक्षस, लावली की माणूस. आमच्या धंद्याची सगळी गणितं एका फटक्यात उलटी केली.

मग २००८. क्रिस्टोफर नोलनचा सिनेमा, हीथ लेजर. हा मी कोल्हापूरला जाऊन बघितला आणि परतीच्या एसटीत एक शब्द बोललो नाही. इथे हौद नाही, रसायन नाही. रंग हा साधा रंग आहे, त्याने स्वतःच्या हाताने, घाईत, बहुधा आरशाकडे न बघता फासलेला. एका मिरवणुकीच्या दृश्यात तो रंगाशिवाय उभा असतो, पटकन ओळखूही येत नाही. पुसला न जाणारं एकच आहे, ते गालांवरचे व्रण. आणि ते कसे झाले याच्या तो दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. एकदा बापाने केले, एकदा बायकोपायी स्वतःच केले. कुठली खरी? त्याला कुणी हौदात पाडलं नाही, याची जबाबदारी कुठल्या कारखान्यावर टाकता येत नाही. मला वाटतं तो चेहरा त्यामुळेच जास्त बोचतो.

व्रण कॉनर ओसलिव्हनने सिलिकोनमध्ये केले आणि रंग जॉन कॅग्लियोनीने लावला. दोघांना ऑस्करचं नामांकन मिळालं. कॅग्लियोनीची युक्ती अशी: नटाने कपाळाला आठ्या घालायच्या, डोळे गच्च मिटायचे, तोंड वाकडं करायचं, आणि तसंच धरून ठेवायचं. त्या चुरगळलेल्या तोंडावर वरवर पांढरा फिरवायचा. मग तोंड सैल सोडलं की आठ्यांच्या खाचा उघडतात आणि त्यात रंग नसतो. चेहरा शेंगदाण्याच्या टरफलासारखा दिसतो. नोलनने त्यांना संदर्भ म्हणून फ्रान्सिस बेकन या चित्रकाराची विस्कटलेली तोंडं दाखवली होती.

हे वाचून मी एका शाळेच्या गॅदरिंगला आठवीतल्या पोरावर तोच प्रयोग केला. पण हाताची सवय जात नाही. आठ्या घालायला लावल्या, रंग लावला, आणि शेवटी न राहवून कडा साफ केल्या, डोळ्यांचं काळं दोन्हीकडे सारखं केलं. पोराने आरशात बघितलं, म्हणाला, ‘काका, हे लई नीट झालंय. जरा खराब करा की.’ वीस वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं. शेवटी त्यानेच शर्टाच्या बाहीने तोंड पुसल्यासारखं केलं आणि एका झटक्यात जमलं. शर्ट गेला, ती गोष्ट वेगळी. त्याची आई अजून मला बोलते.

२०१६ चा जॅरेड लेटो मी पटकन उरकतो. अंगभर गोंदण, कपाळावरसुद्धा अक्षरं, दातांना धातू. कपाळावर आपला स्वभाव लिहून हिंडणाऱ्या खलनायकाला नटाची गरज काय? पण त्या सिनेमाला रंगभूषेचं ऑस्कर मिळालं, लेजरच्या सिनेमाला मिळालं नव्हतं. परीक्षकांवर आम्ही सांगलीत दर नोव्हेंबरात जे बोलतो ते इथे लिहीत नाही.

२०१९ च्या वाकीन फिनिक्सने तर प्रश्नाचं दुसरं टोक गाठलं. हा माणूस पोटासाठी विदूषकाचं काम करणारा. पहिल्याच दृश्यात आरशापुढे तोंड रंगवतोय आणि बोटांनी ओठांचे कोपरे वर ओढतोय. फाइटच्या तोंडातले आकडे इथे त्याची स्वतःची बोटं झाली. डोळ्यांवर निळे कोन, लाल भुवया, लाल नाक; कॉमिकशी यातलं फार थोडं जुळतं, कोटसुद्धा जांभळा नाही, तांबडा आहे. रंगभूषा निकी लेडरमनची. हा रंग अश्रूंनी ओघळतो, घामाने जातो, आणि शेवटी तोंडावरचं हसू तो स्वतःच्या रक्ताने काढतो. सगळं पुसलं जाणारं. खाली आहे तो एक किडकिडीत, आजारी माणूस, आणि त्याचं भय वाटतं की कीव येते, हे शेवटपर्यंत ठरत नाही. मला वैयक्तिक विचाराल तर कीव जरा जास्त झाली.

२०२२ मध्ये मॅट रीव्ह्जने बॅरी किओगनला घेऊन पुन्हा कातडीकडे मोर्चा वळवला. जन्मापासूनच असा आजार, की तोंडावरचं हसू जातच नाही. हौद नाही, जखम नाही, रंगही नाही. जवळजवळ फाइटच्या हसऱ्या अभाग्यापाशी परत.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं तर: चेहरा बदलतो कारण त्या चेहऱ्याचा दोष कुणाच्या माथी मारायचा, हे दर दिग्दर्शक नव्याने ठरवतो. अपघात म्हणा, माणूस म्हणा, गाव म्हणा, की नशीब. आणि कॅमेरा जसजसा तोंडाजवळ आला, तसतसा जाड पांढरा थर टिकेना. भावे नाट्यमंदिरात विसाव्या रांगेतून जे तोंड भयानक दिसतं, ते चहाच्या वेळी समोर बसलं की नुसतं मैद्याच्या पोत्यात पडल्यासारखं दिसतं.

आणि तुमच्या मुलाचं. फिनिक्सवाला करा. लेजरवाला दिसतो सोपा, पण व्रणांशिवाय तो नुसता घाणेरडा दिसतो, आणि व्रण करायला जो डिंक वापरतात तो मुलांच्या कातडीला लावू नये असं माझं मत. पाण्यात कालवायचा फेस पेंटच घ्या, दुकानात विचारून. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून ठेवा, खाज आली तर बेत रद्द. ओठांना लाल म्हणून घरातलं शेंदूर-कुंकू लावू नका. जुन्या पेट्यांत सफेदा, पिवडी, हिंगूळ असले रंग असायचे, आणि हिंगुळात पारा असतो. कुणी आजोबांची पेटी उघडून दिली तर नमस्कार करून बंद करा. पांढरा ओल्या स्पंजने थापत लावा, चोळू नका. तो वाळेपर्यंत पोराला हसवू नका, तडे जातात. केस हिरवे करायचे तर स्प्रे मारताना डोळ्यांवर घडी केलेला रुमाल धरा. नाकाचा लाल ठिपका सगळ्यात शेवटी, रंगमंचावर जायच्या पाच मिनिटं आधी, कारण आधी लावला की पोरं नाक पुसतातच. मिशी अजून फुटली नसेल, तर साबण लागणार नाही.