समुद्राकाठच्या प्रत्येक गोल्फ कोर्सला ‘लिंक्स’ म्हणायचं का? आणि तिथे खेळणं वेगळं का असतं?

पुण्यात शिकलेला खेळ घेऊन स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या जुन्या गावी पहिल्यांदा जाताय, तो तिथे चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. निम्मा चालेल. का, ते जमिनीपासून सांगावं लागेल.

लिंक्स हा जमिनीचा प्रकार आहे. पुळणीच्या मागे वाळूच्या जुन्या टेकड्या आणि त्यापलीकडे शेतं सुरू होईपर्यंतचा उंचसखल पट्टा, तो लिंक्स. शब्दाचं मूळ जुन्या इंग्रजीत, अर्थ ‘उंचवटा’. समुद्र आणि जमीन जोडणारा दुवा म्हणून लिंक्स, ही व्युत्पत्ती लोकांनी मागाहून चिकटवली. कॅलिफोर्नियातलं पेबल बीच समुद्रावरच आहे, पण कड्यावर. ते लिंक्स नाही.

ही वाळू नांगराच्या कामाची नव्हती. तिथे मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे, गावकरी खेळायचे. खेळ इतका वाढला की धनुर्विद्येचा सराव मागे पडतो म्हणून 1457 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने त्यावर बंदी घातली. सेंट अँड्र्यूजला पूर्वी एका फेरीत 22 होल (चेंडू ज्या खळग्यात घालायचा तो, आणि तिथपर्यंतचा टप्पा) होते. तेच होल जाताना आणि परतताना खेळायचे. 1764 मध्ये पहिल्या चारांचे दोन केले, जाताना दोन आणि परतताना दोन कमी, म्हणून 22 चे 18 झाले. आजही तिथल्या या जुन्या मैदानावर, म्हणजे ओल्ड कोर्सवर, सात ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) जोडग्रीन आहेत, प्रत्येकावर दोन झेंडे, आणि त्या दोन होलच्या आकड्यांची बेरीज नेहमी 18: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, असं. ओपन ही ब्रिटनमधली मोठी गोल्फ स्पर्धा 1860 मध्ये स्कॉटलंडच्याच प्रेस्टविकला सुरू झाली, तेव्हापासून ती फक्त लिंक्सवरच होते.

आता खेळाचं. वाळूत पाणी टिकत नाही, वर बारीक फेस्क्यू गवत, त्यामुळे जमीन टणक. आपल्याकडे पाणी घातलेल्या मऊ ग्रीनवर उंच मारलेला चेंडू टप्प्यावर थांबतो. इथे तो उसळून पलीकडे जातो. म्हणून ग्रीनच्या अलीकडे टप्पा द्या आणि चेंडू घरंगळू द्या. 8 नंबरचं आयर्न (धातूच्या तोंडाचा क्लब) घेऊन पटिंगसारखा, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवतात तसा, छोटा फटका मारला तरी काम होतं. ग्रीनबाहेर 15-20 मीटरवर असाल तर सरळ पटर, म्हणजे पटिंगचा क्लब, काढा. तिथे कुणी हसत नाही. रुंद, जास्त बाउन्सचा (फुगीर तळाचा) सँड वेज, म्हणजे वाळूतून चेंडू काढायचा क्लब, मात्र सांभाळून. तो कडक जमिनीवरून उसळतो, धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून जातो.

वारा समोरून असेल तर जोर लावू नका, सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. जोरात मारलं की चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते, तो वर चढतो आणि वारा त्याला अडवतो. 7 च्या जागी 5 नंबरचं आयर्न घ्या (आकडा लहान तसा चेंडू लांब जातो), ग्रिप इंचभर खाली धरा, चेंडू नेहमीपेक्षा थोडा मागच्या पायाकडे ठेवा आणि हात छातीच्या उंचीवर थांबवा. पटिंग करतानाही पाय जरा फाकवून उभे राहा. ग्रीन मुद्दाम फार वेगवान ठेवत नाहीत, तरी 2015 मध्ये इथे झालेल्या ओपनमध्ये वाऱ्याने थांबलेले चेंडू हलू लागले आणि खेळ थांबवावा लागला.

बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, तर वेगळंच प्रकरण. गवताचे थर विटांसारखे एकावर एक रचून त्यांची भिंत जवळजवळ सरळ उभी केलेली असते. चेंडू भिंतीला चिकटलेला असेल तर झेंडा विसरा. आडवा नाहीतर चक्क मागे बाहेर काढा. 1978 मध्ये ओल्ड कोर्सवरच झालेल्या ओपनमध्ये जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा सतराव्या होलच्या ग्रीनवर होता. त्याने पटरने मारलेला चेंडू उतारावरून घरंगळत शेजारच्या रोड बंकरमध्ये गेला, बाहेर यायला चार फटके लागले, त्या होलवर एकूण 9. याउलट 2000 मध्ये इथल्याच ओपनमध्ये टायगर वुड्स चारही दिवस एकाही बंकरमध्ये गेला नाही आणि जिंकला. ओल्ड कोर्सवर बंकर आहेत 112. मला विचाराल तर लिंक्सची खरी मजा हीच आहे: फटका चांगला बसला तरी चेंडू थांबेपर्यंत काही सांगता येत नाही.

जायच्या तयारीत हँडिकॅपचं (खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचं) प्रमाणपत्र ठेवा. आगाऊ बुकिंग मिळालं नाही तर रोजची सोडत असते: दोन दिवस आधी नावं द्यायची, किमान दोघांची. रविवारी ओल्ड कोर्स सहसा खेळाला बंद असतो, पण फिरायला सगळ्यांना खुला. शनिवारी पोहोचलात तर रविवारी चालत जाऊन रोड बंकरची भिंत जवळून पाहून घ्या.