संचालक कोण, याने फरक पडतो?

प्रश्न : आमच्या सहकारी बँकेची निवडणूक आहे. उमेदवार बहुतेक एकाच गोतावळ्यातले, सगळे ठेकेदार. त्याने बँकेच्या कामात खरंच फरक पडतो का? – एक सभासद, देवगड

उत्तर : पडतो, ताई. मी रत्नागिरी जिल्ह्यात शाखाधिकारी होतो. एका मच्छीमाराच्या कर्जाचे हप्ते संचालक मंडळाने जूनपासून लावले. जून-जुलैत मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर शाकारलेली. हप्ता भरणार कशातून? मंडळात दर्यावर जाणारा एकही नव्हता. त्या मच्छीमाराने बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या, ते मी अजून विसरलेलो नाही.

शिवाय सगळे आपसातलेच असले की कर्जाच्या फाइलवर ‘थांबा’ म्हणायला कुणी उरत नाही. २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा बहुतेक कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेलं होतं. २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर सहकारी बँकांतही किमान ५१ टक्के संचालक हिशेब, बँकिंग, कायदा, शेती, सहकार अशा विषयांतले जाणकार लागतात. महिलांच्या दोन जागा राखीव आहेतच, पण तिथे नुसत्या सहीपुरती नव्हे, ताळेबंद वाचणारी बाई हवी. बचत गटाचा हिशेब चोख ठेवणारी एखादी तुमच्या ओळखीत असेलच, तिला अर्ज भरायला लावा. आणि प्रत्येक उमेदवाराला विचारा : बँकेची थकबाकी किती, नि ती कुणाकडे?