पहिल्यांदाच काँक्रीट कालवतोयस तर एवढं ऐक

सगळ्यात आधी पाण्याचा हात आवर. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो, माल फिरवायला जड जातो म्हणून पाणी ओतत राहतो आणि मग काँक्रीट वाळल्यावर भेगा पडतात, वरून भुकटी सुटते. सिमेंटच्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी पुरतं, म्हणजे 10 किलो सिमेंटला 5 लिटरच्या आसपास, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी, कारण तिच्यात पाणी असतंच.

प्रमाण 1:2:3 धर, एक सिमेंट, दोन वाळू, तीन खडी, सगळं एकाच बादलीने मोज. आधी कोरडंच नीट मिसळ, रंग एकसारखा झाला की मग थोडं थोडं पाणी. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कर, घट्ट व्हायला लागला की परत पाणी घालून मऊ करू नको, ताकद जाते त्याची.

हातमोजे घालच हां, ओल्या सिमेंटने कातडी भाजते आणि ते लगेच कळतही नाही.

आणि ओतलेलं काँक्रीट निदान 7 दिवस ओलं ठेव, ओलं गोणपाट टाकलं तरी चालेल.