दोन दिवसांत एडिनबरा : काय पाहावे, काय सोडावे?

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त लंडनमध्ये राहतो. आई-बाबा काही दिवसांसाठी येणार असून एका शनिवार-रविवारी त्यांना एडिनबरा दाखवण्याचा विचार आहे. शुक्रवारी रात्री रेल्वेने पोहोचू आणि रविवारी संध्याकाळी परत निघू. बाबांना इतिहासाची ओढ आहे, तर आईचे गुडघे दुखतात. प्रेक्षणीय स्थळांची यादी इतकी मोठी आहे की त्यातले काय ठेवावे आणि काय सोडावे हे ठरत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : यादी हाती घेण्यापूर्वी या शहराच्या जमिनीचा उतार समजून घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सुचवू. कोणत्या दिशेने चालायचे याचा निर्णय त्या उतारानेच करून ठेवलेला आहे. किल्ला ज्या कातळावर उभा आहे तो सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या नळीतच थिजून राहिलेला लाव्हा आहे. हिमयुगात पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या बर्फाला हा कठीण कातळ कापता आला नाही आणि त्याच्या आडोशाला असलेला मऊ खडक लांबट उताराच्या रूपाने शिल्लक राहिला. त्या उताराच्या माथ्यावरून गेलेला रस्ता म्हणजे रॉयल माइल. त्याच्या वरच्या टोकाला किल्ला आणि खालच्या टोकाला होलीरूडचा राजवाडा आहे. तेव्हा आईंना टॅक्सीने किल्ल्याच्या जवळ न्यावे आणि तेथून सर्वांनी सावकाश खाली उतरत यावे. उलट दिशेने निघालात तर अर्ध्या वाटेतच त्यांचा उत्साह संपेल.

किल्ला शनिवारीच पाहावा. दुपारी एक वाजता उडणारी तोफ रविवारी उडत नाही. १८६१ पासून चालत आलेली ही प्रथा लीथ बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून सुरू झाली. तिकीट प्रवेशाच्या वेळेसह आधीच काढून ठेवावे आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्यावी. आतला रस्ता दगडी आणि चढणीचा आहे. चालण्यास अडचण असणाऱ्यांसाठी गाडीची सोय असते, तिची चौकशी प्रवेशद्वारापाशीच करावी. बाबांना सेंट मार्गारेट चॅपल अवश्य दाखवा. बाराव्या शतकातील ही इवलीशी वास्तू शहरात आज उभ्या असलेल्या इमारतींपैकी सर्वांत जुनी आहे. स्कॉटलंडच्या मेरी राणीने १५६६ मध्ये ज्या लहानशा खोलीत जेम्सला जन्म दिला ती खोलीही याच किल्ल्यात आहे. हाच मुलगा पुढे स्कॉटलंड आणि इंग्लंड या दोन्ही देशांचा राजा झाला. राजमुकुट, राजदंड आणि तलवारही येथे पाहायला मिळतात. राज्याभिषेकाची प्रसिद्ध शिळा मात्र २०२४ मध्ये पर्थच्या संग्रहालयात हलवली आहे, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकेवर विसंबून तिचा शोध घेऊ नये.

किल्ल्याबाहेर पडल्यावर घाई करू नका. रॉयल माइलच्या दोन्ही अंगांना फुटणारे अरुंद बोळ, ज्यांना तेथे ‘क्लोज’ म्हणतात, हेच आमच्या मते जुन्या शहराचे खरे दर्शन आहे. तटबंदीच्या आत जागा पुरेना, म्हणून लोकांनी मजल्यावर मजले चढवले आणि श्रीमंत व गरीब एकाच जिन्याच्या वेगवेगळ्या मजल्यांवर राहू लागले. बहुतेक बोळ तीव्र उताराचे किंवा पायऱ्यांचे आहेत. तेव्हा आईंनी तोंडाशी उभे राहून आत डोकवावे आणि इतरांनी एखाददुसरा बोळ उतरून पाहावा. सेंट जाइल्स चर्चमध्ये रविवारी सकाळी उपासना चालते, म्हणून तेही शनिवारीच उरकावे. १६३७ मध्ये राजाने लादलेल्या नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध याच चर्चमध्ये दंगल उसळली आणि पुढच्याच वर्षी जवळच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये धर्माच्या बाबतीत राजाचे असे बदल न स्वीकारण्याच्या राष्ट्रीय प्रतिज्ञापत्रावर सह्या झाल्या. राजसत्तेविरुद्धच्या त्या मोठ्या संघर्षाची सुरुवात या दोन वास्तूंतून झाली, हे बाबांना नक्कीच आवडेल. आणखी खाली कॅननगेट चर्चच्या आवारात अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ यांची समाधी आहे.

संध्याकाळपर्यंत होलीरूडला पोहोचाल, पण राजवाडा आतून पाहायचा असल्यास वेळेचा नीट हिशोब ठेवा. हे राजाचे अधिकृत निवासस्थान असल्याने राजघराण्यातील मंडळी मुक्कामाला असताना ते बंद असते. तारखा आधीच तपासाव्यात. किल्ला आणि राजवाडा एकाच दिवशी आतून पाहणे थकव्याचे होईल असे वाटल्यास आम्ही राजवाडा सोडू. त्याचा दर्शनी भाग आणि समोरची २००४ मध्ये खुली झालेली स्कॉटलंडच्या संसदेची इमारत बाहेरून पाहिली तरी दिवस सार्थकी लागेल.

रविवार नव्या शहरासाठी ठेवावा. नवे म्हटले तरी त्याचा आराखडा १७६७ चा आहे. जुन्या शहरातील दाटी असह्य झाली, तेव्हा जेम्स क्रेग या तरुण वास्तुरचनाकाराने दरीपलीकडच्या मोकळ्या जमिनीवर सरळ रस्ते आणि चौक आखले. दरीतले घाण झालेले तळे उपसून काढले गेले. आज त्या जागी प्रिन्सेस स्ट्रीटची बाग आणि रेल्वे आहे. पायाखोदाईत निघालेली माती दरीत टाकत गेल्याने तयार झालेला ‘माउंड’ नावाचा बांध दोन्ही शहरांना जोडतो आणि त्याच्या पायथ्याशी राष्ट्रीय कलादालन आहे. तेथील कायमस्वरूपी संग्रहाला प्रवेशशुल्क नाही. बागेतून वर पाहिले की एका बाजूला किल्ल्याचा कडा आणि दुसऱ्या बाजूला शिस्तीत उभी राहिलेली दुकाने एकदम नजरेत येतात. १९९५ मध्ये युनेस्कोने दोन्ही शहरांना मिळून जागतिक वारसा का मानले, ते तेथे उभे राहिल्यावर कळते. चालण्याची उमेद असेल तर शार्लट चौकापर्यंत जावे.

कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या स्मारकाच्या २८७ अरुंद पायऱ्या आईंनी टाळाव्यात. उंचावरून शहर पाहायचेच असेल तर चेंबर्स स्ट्रीटवरील राष्ट्रीय संग्रहालयाच्या गच्चीवर लिफ्टने जाता येते. या संग्रहालयातही प्रवेश विनामूल्य आहे आणि क्लोनिंगने जन्मलेली डॉली मेंढी तेथेच जतन करून ठेवली आहे. पाऊस आला, आणि तो बहुधा येतोच, तर दुपार येथे उत्तम जाते.

प्रश्न : आर्थर्स सीट ही टेकडी दहा वर्षांच्या मुलांना झेपेल का?

उत्तर : चालण्याची सवय असेल तर झेपेल. उंची २५१ मीटर आहे. डनसापी तळ्याच्या बाजूने चढ तुलनेने सोपा आहे. शेवटचा खडक असंख्य पावलांनी गुळगुळीत झालेला असून ओला असताना निसरडा होतो, म्हणून पकड असलेले बूट हवेत, आणि माथ्यावरच्या वाऱ्यासाठी जाकीट उन्हाळ्यातही हवे. सॅलिस्बरी कड्यांच्या पायथ्याने जाणारी रॅडिकल रोड ही वाट दरड कोसळल्याने २०१८ पासून बंद ठेवली आहे. कुंपण ओलांडून कोणी जाताना दिसले तरी मुलांना घेऊन त्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : ऑगस्टमध्ये जावे की डिसेंबरमध्ये?

उत्तर : केवळ शहर पाहणे हा हेतू असेल तर दोन्ही नको, मे किंवा सप्टेंबर निवडावा. ऑगस्टमध्ये १९४७ पासून चालत आलेले कलामहोत्सव भरतात, तेव्हा खोल्या महाग होतात आणि रॉयल माइलवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. नाटक-संगीताची आवड असलेल्यांनी मात्र तोच महिना निवडावा, पण खोली कित्येक महिने आधी ठरवावी. डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दोन दिवसांच्या सहलीत उजेडाचे तास फारच थोडे मिळतात.